बेडका चढला पाह्यजे

माणसाचं चित्र लिहितो म्हटलं का तुमी वाट पाहता, आता छत्री येईन, तपकीर येईन, मिशीतल्या मिशीत हासणारा एखादा गोड बुढा येईन. नाई येत. आमचे रंगारी सर पह्यल्याच भेटीत तुमाले थुंकाले लावतीन. जेवत असान तर ताट बाजूले ठेवा, मंग वाचा. नाई ठेवत? नोका ठेवू. मले का करा लागते!

सर सेलूच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. आमच्या भिंतीले भिंत लावून त्याइचं घर. बारावीत मले त्याइनंच शिकवलं अन् मीनं वर्गात त्याइचीच नक्कल केली. दोघाइनंबी आपापलं काम चोख केलं.

त्याइचं खूळ म्हंजे कागदाची पट्टी. गाळणकागद कापायचा, दोन बाजूनं मेणबत्तीच्या मेणाचे बांध, मधात नाली, वरच्या टोकाले दवाईचा पांढरा ठिपका. खालचं टोक बुडवलं का ओल वर चढते. छातीत रोग असन तर वरच्या ठिपक्याचा रंग बदलते. असं सराइचं म्हणणं. पाणी चढे, चहा चढे. पण सराइले चढवायचा होता बेडका. घट्ट, हिरवा. तो खालीच बसे, घरजावयावानी.

म्हणून जे घट्ट दिसन त्यात सर पट्टी बुडवत. एका लग्नात पिठल्यात बुडवली. मंग कढीत बुडवली अन् भर पंगतीत ओरडले, "तुमची कढी चढत नाई!" आचारी झारा घेऊनच आला. रस्त्यात कोणी भेटलं का "राम राम" नाई, "कसा हाय" नाई. एकच: "नाई चढला राजा अजून!" नव्या माणसाले वाटे, मास्तर सकायीच लावून आला.

"सर, सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात ना," मीनं म्हटलं.

"माहा बाप जात नाई ना बे तिथं!" सर कडाडले. "तो जात नाई, त मी दवाखानाच कागदावर आणतो. तू पाह्यजो!"

बाप म्हंजे बुढेबाबा. सारी जिनगानी जिनिंगमदी कापसाची धूय खाण्यात गेली. कित्येक महिने खोकून राह्यले होते, वाळून काडी झाले होते. पण दवाखान्याचं नाव काढलं का भडकत. "लाइनीत डबी धरून उभा राहू? सारं गाव म्हणन, रंगाऱ्याच्या घरात टीबी शिरला. नाई जात!"

रोज सकायी बाबा खाकरून डबीत देत, सर पट्टी बुडवत, अन् तोंड पाडून कॉलेजात जात. मीठ टाकून पाह्यलं. सोडा टाकून पाह्यला. नाली रुंद केली. ढिम्म.

एक दिवस बाबानं मले खुणेनं आत बोलावलं. "तुले माह्यं खाकरणं येते ना?"

येते म्हंजे? साऱ्या गल्लीचं येते!

"मी खाकरलो का घट्टच येते. तू दाराआडून खाकर. जोरात."

मीनं बुडापासून काढलं, "ख्खॉऽक्! अगाई!" अन् बाबानं डबीत नुसती थुंकी टाकली. पातळ, पाण्यावानी.

"चढला! बेडका चढला!" सर अंगणात नाचले. ठिपका तसाच पांढरा, म्हंजे बाप ठणठणीत! गल्लीले जिलबी वाटली. मीबी खाल्ली.

संध्याकायी सराइनं तीच डबी उजेडात धरून हालवली. आतलं डुचमळलं. बेडका असा हालत नाई. सर बापापाशी गेले.

"बाबा, हे थुंकी हाय."

"हाय."

"काऊन पण?"

"रोज सकायी तुह्यं उतरलेलं तोंड पाहवत नाई गा मले. म्हटलं, एक दिवस चढू दे."

दुसऱ्या दिवशी सराइनं बाबाले स्कूटीवर मागं बसवलं अन् नेलं दवाखान्यात. मीबी मागं मागं सायकलनं.

"मी नाई उतरत," बाबा म्हणे.

"नोका उतरू. मी देतो माहा."

अन् खरंच राजेहो, मास्तर माणूस, लाइनीत डबी झेंड्यावानी उंच धरून उभा! ओळखीचं दिसलं का आपणच बोंबले, "या! बेडका देयाले आलो! तुमचाबी द्या!" शेवटी बाबाच शरमून खाली उतरले अन् पोराच्या मागं उभे राह्यले.

बाबाची दवा सुरू झाली. पट्टी अजूनबी चढत नाई, अन् सर अजूनबी घरभर मेण सांडून राह्यले.

मंग माही पाळी आली. सराइनं कान धरला.

"लेका, विज्ञानाले फसवते?"

"बाबानंच सांगतलं सर!"

"तोंड बंद! माही नक्कल कर. वर्गात कर, चौकात कर, मी काई म्हणतो? पण बाबाच्या खाकरण्याले हात लावू नोको."

"काऊन सर?"

सराइनं कान सोडला.

"रातच्याले आतून खाकरणं ऐकू आलं का मी समजतो, बुढा हाय अजून, अन् कूस बदलतो. आता आवाज आला का वाटते, बाबा का हा भिंतीपलीकडचा बेवकूफ? उठून पाहा लागते बे मले. उठून पाहा लागते!"