हद्दीपलीकडचा प्रतिध्वनी

माझा प्रतिध्वनी पलीकडच्या देशाने ताब्यात घेतला. विनापरवाना हद्द ओलांडली, एवढाच त्याचा गुन्हा. आता समोरचा डोंगरच त्यांच्या हद्दीत, तर त्यानं आदळायचं कुठं? पण हे विचारतो कोण!

हिवाळ्यात हद्दीवरच्या चौकीवर मी एकटाच असायचो. संध्याकाळी बाहेर येऊन ओरडायचो, “काय रं रेडेकर, बरं हाय का?” डोंगर मला तेच विचारायचा. खोटं कशाला बोलू, दिवसभरात माझी विचारपूस करणारा तेवढा एकच होता. त्या दिवशी हाक गेली ती गेलीच.

दोन्हीकडं सैन्य वाढलं. राजदूतांना बोलावून जाब विचारला गेला. शेवटी हद्दीवरच्या तंबूत दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांची ध्वज बैठक ठरली. रिवाजाप्रमाणं आम्ही काजू नेले, त्यांनी चहा ठेवला.

आत जाण्याआधी मेजर राजाध्यक्ष साहेबांनी मला बाजूला घेतलं. “रेडेकर, ओळख दाखवायची नाही.”

“साहेब, माझाच आहे तो.”

“आपला म्हटलं की घुसखोरी आपली ठरते. वरून आदेश आहे.”

“मग त्याचं काय?”

“बेवारस म्हणून तिकडंच राहील. लढाई टळेल. तुला लढाई हवी आहे का?”

मी पडलो हवालदार. सलाम ठोकला आणि साहेबांच्या मागोमाग आत गेलो.

दोन शिपाई त्याला घेऊन आले. दिसत काहीच नव्हतं, पण चालताना दोघांनी मधे माणसापुरती जागा सोडली होती. त्याला खुर्चीवर बसवलं. माझ्याखेरीज कुणाच्याच बोलण्याला तो उत्तर देत नाही, त्यामुळं चौकशी करून करून ते लोक टेकीला आले होते.

त्यांच्या कर्नलनं काहीतरी विचारलं. दुभाष्या म्हणाला, “हा तुमचा आहे का?”

साहेब बघत होते.

“हा आमचा नव्हे,” मी म्हणालो.

रिकाम्या खुर्चीतून लगेच माझाच आवाज आला, हेलसुद्धा माझ्या गावचा, आजऱ्याचाच. “हा आमचा नव्हे.” मग जरा हळू, “आमचा नव्हे.” मग नुसतंच, “नव्हे.”

दोन्ही बाजूंनी लिहून घेतलं की जबान्या तंतोतंत जुळतात. सैन्य मागं घ्यायचं ठरलं. सगळ्यांनी चहा घेतला, काजूंचं कौतुक झालं, साहेबांनी माझी पाठ थोपटली.

निघताना मला राहवलं नाही. तंबूच्या दारातून वळून मी म्हणालो, “येतो रं.”

तो काहीच बोलला नाही.