तांब्या पालथा घातला त्याची हकिकत

वाचणारांस विनंती विशेष. मनुष्यबळ खात्याहून हुकूम आला की, चैत्रमासी परळ मुक्कामी मसाल्याच्या दुकानाची वेबसाइट बुडाली आणि पुन्हा तरली, त्याची कैफियत लिहावी, मात्र कोणाचे नाव घेऊन कोणास दुखवू नये. आज्ञेवरून कैफियत लिहिली आहे. दुसरी अट आमच्याने पाळवली नाही.

परळात जेथे पूर्वी गिरणीचे साचे चालत, तेथे हल्ली काचेचा किल्ला उभा आहे, आणि त्याचे वरचे मजल्यावर रघुवीरराव सरकार यांची सॉफ्टवेअरची दौलत. रघुवीरराव वरळीचे चाळीत वाढले. तेथे नळाचे रांगेत कळशी ठेविली की नंबर लागला, मग धनी खुशाल घोरत पडो, कळशीस कोणी हात लावीत नसे. सरकारांचा या शिरस्त्यावर फार इतबार. कंपनीत गिट म्हणोन दफ्तर आहे. कोणी कोणती ओळ केव्हा लिहिली ते त्यात नावनिशीवार राहते, आणि अनेकांनी एकदम काम केले तरी सर्वांचे काम एकत्र बांधण्याची तजवीज त्यात असते. ती तजवीज शिकावी ऐसे कोणाचे मनात आले नाही. मग फर्मान सुटले की, ज्याचे मेजावर तांब्या त्यानेच दफ्तरात काम चढवावे, इतरांनी हात लावू नये. कळशी मेजावर मावेना, सबब स्टीलचा तांब्या मुक्रर जाहला.

तो तांब्या सरनौबत हितेंद्रराव यांचे मेजावर कायम तळ देऊन बसला. अमितजी व प्रितीबाई या जुन्या मानकऱ्यांस तो कधीमधी उसना मिळे, आणि नवख्यांनी आपल्या फायली व्हॉट्सअ‍ॅपवर हितेंद्ररावांस रुजू कराव्या, मग त्यांनी त्या चढवाव्या, आणि दफ्तरात नाव हितेंद्ररावांचे लागावे, ऐसा कारभार. यात काही गैर आहे ऐसे रावांस कधी वाटले नाही, आणि वाटले असते तरी त्यांनी ते बोलून दाखविले नसते.

नवख्यांत आकांक्षाबाई, घोडपदेवकर गुणाजींची कन्या. मसाल्याचे दुकानाचे ऑर्डरीचे पान अथपासून इतिपर्यंत बाईंनीच लिहिले. परंतु बोलणे ऐसे की प्रत्येक वाक्याचे आघाडीस 'सॉरी सर' ही तुकडी चालावी आणि मुद्दा पिछाडीस राहून वाटेतच गारद व्हावा. एके दिवशी सरकारांनी बोलावून सांगितले, "दफ्तरात तुझं नाव कुठंच दिसत नाही. महिनाअखेरीस कायम करायचं की नाही, ते बघावं लागेल." ज्यांचे हुकमाने नाव लागत नव्हते, त्यांनीच नाव कोठे म्हणोन पुसावे! हे लिहिताना आजही आमचे मस्तक फिरते. बाई इतकेच म्हणाल्या, "सॉरी सर."

मग घरी पोटमाळ्यावर बसून बाईंनी गिटाची तालीम आरंभिली. आपलेच कामाची वेगळी शाखा, म्हणजे बाजूची नक्कल, काढावी, ती मुद्दाम मोडावी, आणि मग मागील नोंदी धुंडून पुन्हा उभी करावी. मातोश्री रमाबाई चहा घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "गो बाय, रोज मोडतंस नि रोज जोडतंस, ह्या कसला काम?"

"मोडला तरी जोडूक येता, ह्याच शिकतंय, आई."

त्याउपरी मिरचीचा हंगाम आला. लालबागेत तात्यांचे मसाल्याचे दुकानी एकच गर्दी, आणि वेबसाइटवरही ऑर्डरींची रीघ. ऐसे ऐन समयी हितेंद्ररावांनी आपले यंत्रातील 'फायनल नवीन खरी फायनल' या नावाचे जुने फोल्डर उघडून त्यात किरकोळ दुरुस्ती केली आणि ते चढवावयास निघाले. गिटाने अर्ज केला की, महाराज, इतरांचे नवे काम आधी घ्यावे. रावांनी अर्ज फेटाळून जबरीने चढाई केली. एका दमात अमितजींचे, प्रितीबाईंचे व आकांक्षाबाईंचे काम पुसले गेले, आणि गिऱ्हाइकाने बेडगी मिरचीवर बोट ठेवावे तो कोरे पान यावे, ऐसा आकांत जाहला.

तात्यांचा फोन आला. "अहो, सीझनच्या दिवसांत दुकान बंद केलंत की काय माझं?"

हितेंद्ररावांचे मुखावरील पाणी उतरले. "सर्व्हरचा लोचा आहे. कोणी काही टच करू नका," ऐसे फर्मावून त्यांनी तांब्या उचलिला आणि शौचालयाकडे कूच करून आतून कडी घातली. तांब्या घेऊन त्या दिशेस गेलेले मर्द या मुलखात पुष्कळ, परंतु राजमुद्रा घेऊन गेलेले हेच पहिले.

इकडे सारी फौज हातावर हात ठेवून बसली.

"दार वाजवू का?" प्रितीबाई म्हणाल्या.

"नको गं, चिडेल. तांब्या आल्याशिवाय आपण काय करणार?" अमितजी म्हणाले.

आकांक्षाबाईंचे यंत्रात त्या सकाळचे सर्वांचे काम शाबूत होते, कारण रोज आल्याआल्या ते दफ्तरातून ओढून घेण्याचा त्यांचा नेम. दफ्तराच्या किल्ल्या तर पहिले दिवसापासून प्रत्येकापाशी होत्या. गिटास तांब्या ठाऊकच नव्हता. तरी बाईंचा हात चुकला तर, महिनाअखेर आजच होती.

मग त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला, सकाळचे कामाची शाखा काढली, आणि रावांची दुरुस्ती तीत मिळवू लागल्या. तो पानावरील मिरचीची कृती सांगणाऱ्या एके ओळीवर दोन दावेदार भिडले. अमितजींची ओळ म्हणे मिरची भाजून कांडावी, रावांची म्हणे देठ काढून कांडावी, आणि गिट म्हणे निवाडा तुम्ही करा.

"ए, तांब्या नाहीये तुझ्याकडे!" अमितजी ओरडले.

"दिसतंय मला. तात्यांना फोन लाव आणि विचार, देठ आधी की भाजणं आधी."

"देठ आधी, मग भाजायची," तात्या फोनवर कडाडले. "एवढंही ठाऊक नाही तुम्हाला?" बाईंनी दोन्ही ओळी त्या क्रमाने लाविल्या, एकवार सर्व चालवून पाहिले, आणि स्वतःचे नावाने काम चढविले. दुकान उघडले, आणि पाठोपाठ ऑर्डरी वाजू लागल्या.

इतक्यात रघुवीरराव मीटिंगीहून आले आणि रावांचे मेजावर तांब्या नाही, तरी काम चढलेले पाहून गरजले, "तांब्या नसताना हात कोणी लावला?" सर्वांनी आपापल्या चपलांची पाहणी आरंभिली. त्याच क्षणी हितेंद्रराव तांब्यासह परतले आणि म्हणाले, "मी तेच बघत होतो, सर."

आकांक्षाबाई उभ्या राहिल्या. "मी लावला. तांब्या संडासात होता, सर, आणि दुकान बंद होतं."

सरकारांनी दफ्तर उघडून वरची बाईंची नोंद वाचली, खालची रावांच्या चढाईची वाचली, पुन्हा वरची वाचली, आणि हितेंद्ररावांकडे न पाहता हुकूम केला की बाईंस आजच कायम करावे व तांब्या त्यांचे हवाली करावा. बाईंनी तो दोन बोटांनी धरून पँट्रीत नेला, साबणाने घासला आणि पालथा घातला. तेव्हापासून ज्याचे काम त्याचे नावाने चढते. हितेंद्ररावांनी त्याच सायंकाळी आपण फौजेस गिट शिकविल्याची पोस्ट टाकिली, तीस अभिनंदने बहुत आली, आणि दुसरे दिवशी ते वही घेऊन बाईंचे मेजापाशी शिकावयास बसले.

येणेप्रमाणे परळची मोहीम फत्ते जाहली. दफ्तरी नोंद आहे ती अशी: आकांक्षा गुणाजी घोडपदेवकर, सर्वांचे काम परत आणले. नोंदीत 'सॉरी' हा शब्द नाही.