ओल्वेनमावशींचं लॅव्हेंडर

१९६८ सालची गोष्ट. त्या जूनमध्ये आमच्या पावसाळी स्वान्सीत सलग चार दिवस ऊन पडलं होतं, म्हणून साल पक्कं लक्षात आहे.

आमच्या गल्लीतल्या एम्लिन प्रॉसर यांच्या दारावर पाटी होती : 'खासगी गुप्तहेर. गुंतागुंतीचे गुन्हे. सोमवारी बंद.' तीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासून ते निवृत्त झाले होते. "नेस्टा," ते मला म्हणायचे, "माझ्यासारखी नजर साऱ्या वेल्समध्ये फक्त ससाण्याला आहे. पण त्याला टिपणं काढता येत नाहीत." टिपणं प्रॉसरसाहेबांनाही येत नसत. ती मी काढायची. वय चोवीस, पगार शून्य.

एका मंगळवारी शेजारच्या ओल्वेनमावशी रडवेल्या होऊन आल्या. घरामागच्या सहा पावलं लांब, चार पावलं रुंद अंगणात त्या बाग करत होत्या. तिचा नकाशा त्यांच्या यजमानांनी, मॉस्टिनकाकांनी, हॉस्पिटलच्या खाटेवर काढला होता, जाण्याच्या आठवडाभर आधी. पाणी वाहून जावं म्हणून उतरती विटांची वाट, पन्हळीखाली पिंप, भिंतीशी शेवाळी दगड, आणि जिथे थोडं ऊन येतं तिथे बाक. बाकाशेजारी काकांनी लिहिलं होतं, 'इथे नेचाच लाव', म्हणजे फर्न, खाली दोन रेघा. तेवढी एक गोष्ट मावशींनी बदलली. तिथे हौसेने लॅव्हेंडर लावलं, आणि ते मरत होतं. तिसऱ्यांदा.

"हेही गेलं तर घर विकते आणि केंटला लेकीकडे जाते," मावशी म्हणाल्या. "त्याची एवढीशी बाग जगवता येत नाही मला. इथे राहून करू काय?"

"खून!" साहेब म्हणाले. "लिही, नेस्टा."

आम्ही बाकावर बसलो. मावशींनी चहा आणला. "वा! असा चहा राणीलाही मिळत नसेल!" साहेब म्हणाले. मावशी आत जाऊन येईपर्यंत त्यांचा कप रिकामा झाला होता. माझाही.

मग त्यांनी भिंग काढलं. "बुटाचे ठसे. नऊ नंबर, डावी टाच झिजलेली. माणूस पोट सुटलेला, स्वतःवर खूश."

मी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. टिपणात मात्र काही लिहिलं नाही.

बुधवारी त्यांना मातीत काळी पूड सापडली. त्यांनी ती जिभेवर ठेवली. "कडू! कुणीतरी तासभर उकळलेलं जहाल विष. इंग्लंडहून आलेलं दिसतंय."

गुरुवारी संशय मांजरावर, शुक्रवारी चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्यावर. रोज सकाळ-संध्याकाळ पाहणी, रोज चार कप चहा. तपास वाढला तसं झाड आणखीच खालावलं.

शनिवारी साहेबांनी सगळ्या शेजाऱ्यांना अंगणात जमवलं. प्रत्येकाच्या हातात कप. "काळी पूड!" ते गरजले. "या गल्लीत काळ्या पुडीशी कुणाचा संबंध येतो? हॅन्डेल रीस, पुढे ये!"

हॅन्डेल आमचा कोळसेवाला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तो कोळसा नाही. चहा आहे."

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"रागावू नका, मावशी. तुमचा चहा नाही हो पिववत. नको म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून दर शनिवारी कोळसा टाकायला आलो की मी एक कप तिथे ओततो."

"म्हणजे गुन्हेगार सापडला!" साहेब ओरडले.

"माझा आठवड्याला एक. तुमचे दिवसाला किती?"

साहेबांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. तो रिकामा होता. लॅव्हेंडरवरून अजून थेंब गळत होते.

मावशी तडक आत गेल्या. घर विकलं गेलं, असंच मला वाटलं. पण त्या नकाशा घेऊन बाहेर आल्या आणि त्या दोन रेघांवर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

"स्वयंपाकघराच्या दाराशी माझ्या मॉस्टिनचा एक नेचा होता, कंबरेएवढा वाढलेला," त्या हळूच म्हणाल्या. "रोज कप घेऊन तिथेच उभा राहायचा. 'ओल्वेन, तुझ्या हातचा चहा म्हणजे अमृत!' चौतीस वर्षं, नेस्टा! मेला लबाड!"

आणि बाकावर बसून त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्याच दुपारी लॅव्हेंडरच्या जागी नेचा लावला.

मावशी केंटला गेल्या नाहीत. एक्याण्णव वर्षं जगल्या, चहा तसाच करत राहिल्या आणि कप देताना पाहुण्याला स्वतःच बाकाच्या नेच्याकडच्या टोकाला बसवू लागल्या. हॅन्डेलने खरं बोलायची खोड सोडली नाही. माझ्याशी लग्न झाल्यावर माझ्या स्वयंपाकाबद्दलही नाही. प्रॉसरसाहेबांनी वहीत लिहायला लावलं, 'आरोपी सापडला. वय पाहून सोडून दिला.' ते एकोणऐंशी साली गेले. मावशींनी त्यांच्या थडग्याशी लॅव्हेंडर लावलं. इतक्या पावसातही ते झकास फोफावलंय. तिथे कुणी चहा देत नाही.