लेखी हार्डवूड

"सॉफ्टवूड या घरात येणार नाही," अण्णा सावे म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला.

"अहो, तुम्हाला शेगडी पेटवायचीय की सोयरीक जमवायचीय?" सुधाताई ओट्याजवळून म्हणाल्या.

प्रश्न रास्त होता. विषय एका शेगडीचा होता. वापीच्या एका प्रदर्शनात अण्णांनी ती घेतली, कारण विकणाऱ्या पोराने त्यांना तीनदा 'सर' म्हटलं. डहाणूत त्यांना सर म्हणणारे लोक फक्त काम अडलेले असत. शेगडी पत्र्याची, खाली छोटा पंखा, आणि तिच्यात जाळायचे ते पेलेट. म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या करंगळीएवढ्या कांड्या. गोणीत मिळतात, ओतायच्या आणि पेटवायच्या. एवढी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट साधी राहू दिली तर ते अण्णा कसले.

पंधरा दिवस त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यात बर्फात उभे असलेले गोरे लोक कळकळीने भांडत होते की हार्डवूडचे पेलेट चांगले की सॉफ्टवूडचे, कशाने घर जास्त वेळ गरम राहतं. डहाणूत घर गरम ठेवायला काही जाळावं लागत नाही, दुपारी खिडकी उघडली की झालं. पण अण्णांनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. हार्डवूड म्हणजे भारदस्त, हळू जळणारं, खानदानी. सॉफ्टवूड म्हणजे हलकं, उथळ, भसकन पेटून विझणारं. मग हे ज्ञान त्यांनी ऑफिसात, वाण्याकडे, देवळात आणि एकदा दाढी करताना न्हाव्यालाही दिलं. न्हाव्याच्या हातात वस्तरा होता, तरी त्याने संयम ठेवला.

सगळ्यात जास्त दिलं ते शैलेशला. शैलेश हा सुधाताईंचा धाकटा भाऊ, रेल्वेत बुकिंगला. भावोजींनी शेगडी घेतली म्हणून त्यानेही घेतली होती, आणि वर तोंड करून तो सॉफ्टवूड आणणार असं म्हणत होता.

"भावोजी, ते लवकर पेटतं. राखही कमी होते म्हणतात."

"म्हणतात. कोण म्हणतं? अभ्यास आहे का काही?" अण्णा म्हणाले. "तू आण तुझं सॉफ्टवूड. चार दिवसांत हार्डवूड उसनं मागायला येशील."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं पोरखेळ वाटेल. अण्णा एका सरकारी ऑफिसात हेड क्लार्क होते, आस्थापनेच्या टेबलावर, आणि त्यांच्या निवृत्तीला एकोणीस दिवस उरले होते. लोकांच्या पेन्शनचे कागद त्यांच्याच हातून जात, त्यामुळे कागद कुठे आणि कसा अडतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. ऑफिसातल्या एकावर शेवटच्या महिन्यात विहिरीच्या भांडणाची साधी नोटीस निघाली, तर बिचारा सहा वर्षं पेन्शनसाठी खेटे घालत होता. तो अडवणारा हात अण्णांचाच. म्हणून या महिन्यात आपलं नाव कुठल्याही कागदावर येऊ द्यायचं नाही, असा त्यांनी नेम केला होता. कुरियरवाल्याच्या वहीतही ते सुधाताईंना सही करायला लावत. भाच्याच्या लग्नाच्या नोंदणीला साक्षीदार म्हणून बोलावलं, तर पोट बिघडल्याचं सांगून घरी बसले.

रविवारी सकाळी तिघं शैलेशच्या गाडीतून निघाले. सुधाताई आल्या, कारण नवऱ्याला एकटं सोडलं तर तो गोदामच उचलून आणील अशी त्यांना खात्री होती. अच्छाड ओलांडून गुजरातच्या हद्दीत दोन मैलांवर पेलेट विकणाऱ्या विपुलचं गोदाम होतं. विपुल खुर्चीत बसून ढोकळा खात होता.

"हार्डवूड दाखवा," अण्णा म्हणाले.

"अण्णा, खरं सांगू? बेऊ सरखा छे. हे पण जळते, ते पण जळते. तुमाला भाकरी भाजायची ना?"

"मला फरक कळतो. मला साग पाहिजे."

विपुलने ढोकळा खाली ठेवला. गिऱ्हाइकाला काय ऐकायचंय हे गिऱ्हाइकानेच सांगून टाकलं, की दुकानदाराचं निम्मं काम होतं. "साग? मग असं बोला ना. हा बाजूचा ढीग प्युअर साग. थोडा खैर पण नाखेलो छे, टाकलाय आत. पावर येते."

दोन्ही ढिगांतल्या कांड्या सारख्याच दिसत होत्या. शैलेशने तसं म्हटलंही. अण्णांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं.

"लेखी द्या," ते विपुलला म्हणाले.

"शेनू लेखी?"

"साग आहे म्हणून. शिक्क्यासकट. तोंडी बोलण्याला अर्थ नसतो."

विपुलने आजवर पेलेट विकले होते, पण पेलेटचा जन्मदाखला कोणी मागितला नव्हता. अण्णांनी मजकूर सांगितला, त्याने लेटरहेडवर लिहिला. 'प्रमाणित करण्यात येते की, श्री. अण्णा सावे, राहणार डहाणू, यांना आज रोजी विक्री केलेल्या पाच गोणी या शंभर टक्के शुद्ध साग व खैर या कठीण लाकडाच्या असून त्यात मऊ लाकडाचा अंशही नाही.' खाली सही, तारीख आणि गोल शिक्का. शिक्का फिका उमटला म्हणून अण्णांनी दुसऱ्यांदा मारायला लावला.

"कागदावर नाव नको होतं ना तुम्हाला?" सुधाताईंनी हळूच विचारलं.

"हे खाजगी आहे," अण्णा म्हणाले आणि कागद घडी न पाडता फाइलमध्ये ठेवला. फाइल त्यांनी घरूनच आणली होती.

शैलेशने कागदाबिगदाशिवाय सॉफ्टवूडच्या दोन गोण्या घेतल्या. परतताना तलासरीवरून ते उधव्याच्या रस्त्याला लागले. गावाच्या अलीकडे जंगल खात्याचा नाका होता आणि बांबूपाशी नविन धोडी नावाचा तरुण वनरक्षक उभा होता. त्याने डिकीत नजर टाकली.

"काय आहे?"

"भुसा आहे, शेगडीचा," शैलेश म्हणाला.

"जा," नविन म्हणाला आणि बांबू वर करायला वळला.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. देवाने दार उघडून धरलं होतं, बाहेर पडायचं तेवढं बाकी होतं. पण मागच्या काचेतून अण्णांचं डोकं बाहेर आलं.

"एक मिनिट. भुसा त्यांचा आहे. माझा शुद्ध साग आहे."

नविन थांबला. "काय म्हणालात, काका?"

"साग आणि खैर. शंभर टक्के. तोंडी नाही सांगत, हे बघा." आणि अण्णांनी फाइल उघडून प्रमाणपत्र स्वतःच्या हाताने त्याच्या हातात दिलं. असला माणूस शोधून सापडणार नाही. तो आपणहून चालत येतो.

नविनने कागद दोनदा वाचला. "पास आहे?"

"कसला पास?"

"सागाला वाहतुकीचा पास लागतो. खैराला पण. आणि माल दुसऱ्या राज्यातून आलाय."

"अहो, पण ह्या कांड्या आहेत."

"कांडी केली म्हणून सागाचा शेवगा होत नाही, काका. गाडी बाजूला घ्या. जप्ती करावी लागेल. नाव आहेच इथे. पत्ता सांगा, नोकरी कुठे ते सांगा. ऑफिसला कळवावं लागतं."

ऑफिसला हा शब्द अण्णांनी ऐकला. आता खरंच पोट बिघडलं. त्यांना तो विहीरवाला डोळ्यांसमोर दिसला, हातात पिशवी घेऊन सहा वर्षं त्यांच्या टेबलापुढे उभा असलेला.

"साहेब, ते खोटं आहे हो सगळं," अण्णा गाडीतून उतरून म्हणाले. "दुकानदार माणूस, काहीही लिहून देतो."

"शिक्का आहे की."

"शिक्क्याचं काय घेऊन बसलात."

तेहतीस वर्षं लोक हेच वाक्य अण्णांना ऐकवत आले होते आणि अण्णांनी त्यांतल्या एकालाही दाद दिली नव्हती. सुधाताई गाडीत बसल्या बसल्या बाहेरच्या पळसाकडे पाहू लागल्या.

अण्णांनी विपुलला फोन लावला. विपुल कामाला तत्पर. पाच मिनिटांत मोबाइलवर दुसरं प्रमाणपत्र आलं. 'सदर पाच गोणी शंभर टक्के सॉफ्टवूडच्या असून त्यात सागाचा अंशही नाही.' तोच शिक्का, तीच सही, तीच तारीख. खाली एक हात जोडलेला इमोजी.

"आता दोन झाले," नविन म्हणाला. "एकाच माणसाचे, एकाच दिवशीचे. कुठला खरा मानू?"

अशा वेळी दोन्ही कागद नामंजूर करायचे, हा नियम अण्णांचा स्वतःचाच होता.

नविन पोरगा भला होता. रविवारी म्हाताऱ्या माणसावर केस करायची त्यालाही हौस नव्हती. नाक्याला लागूनच शुक्रीबाईंची चहाची टपरी होती, चूल लाकडाची. चाळीस वर्षं या बाईने चुलीत लाकूड घातलेलं. तिच्या हातात ढलपी दिली तर ती झाडाचं नाव सांगायची. "जाळून बघू," तो म्हणाला आणि दोन्ही मालातली एक एक मूठ घेऊन तिच्याकडे गेला.

शुक्रीबाईंनी अण्णांच्या कांड्यांचा वास घेतला, एक दाताखाली फोडली, थुंकली आणि बाकीच्या चुलीत टाकल्या. अण्णा बाकावर बसून मनातल्या मनात देवाची विनवणी करत होते. धूर होऊ दे. कचरा निघू दे. पंधरा दिवस ज्याला नावं ठेवली, ते सॉफ्टवूडच निघू दे.

धूर झाला नाही. ज्योत सरळ, स्वच्छ उठली आणि टोपातला चहा बघता बघता उतू गेला. अण्णांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. भीतीने पांढरा पडला होता आणि तरीही त्यावर थोडा अभिमान दिसत होता.

"साग आहे का, आजी?" नविनने विचारलं.

"साग?" शुक्रीबाईंनी अण्णांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सागाला वास असतो बाबा. हे खोक्याचं लाकूड. कंपनीत मशिनी येतात ना, त्या पेट्यांचं. मऊ, पोकळ. पण जळतं बेस. सागाहून बेस." मग त्यांनी शैलेशची मूठ हुंगली. "हे पण तेच." आणि शेगडीचा असो वा चुलीचा, फुकटचा माल म्हणून राहिलेल्या कांड्या पदरात बांधून ठेवल्या.

"सुटलात, काका," नविन म्हणाला. त्याने तिथेच बाकावर बसून चार ओळी लिहिल्या. 'सदर माल हलक्या प्रतीच्या मऊ लाकडाचा असून त्यास पासची आवश्यकता नाही. माल सोडण्यात येत आहे.' नोकरीचा उल्लेख नाही, ऑफिसचं नाव नाही. "इथे सही करा आणि निघा."

अण्णांनी खिशातलं पेन काढलं. सुधाताई गाडीतून उतरून जवळ आल्या होत्या, त्यांनी पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. आणि नेमका तेव्हा शैलेश हसला.

"म्हणजे भावोजी, आपलं दोघांचं एकच निघालं. सॉफ्टवूड." त्याने मोबाइल काढला. "सही झाली की कागदाचा एक फोटो घेतो. फॅमिली ग्रुपवर टाकायला. घरी तर कोणाचा विश्वासच बसणार नाही."

अण्णांचं पेन थांबलं. त्यांनी कागद पुन्हा वाचला.

"हे 'हलक्या प्रतीच्या' काढा," ते म्हणाले.

"तसंच लिहितात, काका."

"अहो, सही करा," सुधाताई म्हणाल्या.

"थांब गं. एक तर चुलीत टाकून जात कळत नाही. दुसरं, इतकी स्थिर ज्योत मऊ लाकडाची असूच शकत नाही. मी अभ्यास केलाय. मऊ लाकूड भसकन पेटतं. इथे तसं झालं का? तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय."

"काका," नविन सावकाश म्हणाला, "मी तुम्हाला सोडतोय. कळतंय ना?"

"सोडताय ते ठीक आहे. पण चुकीचं लिहून सोडू नका."

"मग तुमचं म्हणणं काय? साग आहे हा?"

शुक्रीबाईंनीही चहा गाळायचा थांबवला. अण्णांनी सुधाताईंकडे पाहिलं. त्या मानेने नको म्हणत होत्या. मग त्यांनी शैलेशकडे पाहिलं. तो मोबाइल सरसावून उभा होता आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात अजून ते हसू होतं. पडलो तरी नाक वर म्हणतात. इथे माणूस पडायच्या आधीच नाक सांभाळत होता. अण्णांनी पेनाने 'हलक्या प्रतीच्या मऊ' या शब्दांवर एक सरळ रेघ मारली. वर नेटक्या अक्षरात 'उच्च प्रतीच्या कठीण' असं लिहिलं. बाजूला आद्याक्षरी सही केली, तारीख टाकली आणि कागद नविनच्या हातात दिला.

नविनने तो वाचला. शैलेशने मोबाइल हळूच खिशात टाकला, आता फोटोची त्यालाही भीती वाटली. नविनने बॅगेतून जप्तीचा छापील फॉर्म काढला, खाली कार्बन घातला आणि नाव, गाव, माल भरत भरत एका रकान्यापाशी थांबला.

"नोकरी?" त्याने विचारलं.

अण्णांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. आपण काय केलं ते त्यांना आता कळलं होतं.

"सरकारी," सुधाताई म्हणाल्या. "हेड क्लार्क. लिहा तुम्ही, मी सांगते. त्यांना काही विचारू नका, ते अजून काहीतरी दुरुस्त करतील."