भागाजीचा दावा आणि कोर्टाची हद्द

तिसगावात भागाजीला कुणीही, कशालाही हाक मारा, गडी उठून उभा राहायचा, कोटाच्या गुंड्या लावायचा आणि ओरडायचा, "हाजर!" जेवायला बोलावलं तरी हाजर, तंबाखूला बोलावलं तरी हाजर. एकदा न्हाव्यानं पाळी आली म्हणून हाक मारली. भागाजीनं गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या, हाजर म्हणाला, आणि मग दाढीसाठी त्या पुन्हा सोडत बसला.

मी त्याचा शेजारी आणि दाव्यातला साक्षीदार. मराठी दुसरीनंतर मी शाळा सोडली, पण डोळ्यांनी पाहिलेलं लिहायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

दावा होता नगरच्या कोर्टात. रानाचा मालक नगरला राहायचा. रान आधी भागाजीच्या सासऱ्यानं कूळ म्हणून कसलं, त्याच्यामागं लेक-जावयानं. मालक म्हणाला, रान सोडा. भागाजी म्हणाला, "कोर्ट बघून घील!" रान बायकोच्या बापाकडून आलेलं, म्हणून दाव्यात तिचंही नाव घातलं.

पहिल्या तारखेला आम्ही तिघं गेलो. पट्टेवाल्यानं दारात येऊन पुकारा केला, "चंद्रभागा भागाजी, हाजर है?" बाई जागची हलेना! हलणार कशी? मूलबाळ नव्हतं, म्हणून ती कुणाची आई नव्हती. गावाला ती भागाजीची मंडळी. आणि भागाजी तर तिला "अगं ए" म्हणायचा. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. तिसऱ्या पुकाऱ्याला भागाजीनं कोपरानं ढोसलं तेव्हा ती उठली. परतताना वाटभर पदर तोंडाला लावून हसत होती. "केवढ्यानं वरडला वो त्यो, माझं नाव!"

पुढं ती वारली. दावा चालूच. भागाजी एकटा तारखेला जायचा आणि यायचा. निकाल लागला नाही तरी खुशीत यायचा. लोक म्हणायचे, याला कोर्टाचं येड लागलंय.

मग स्वराज्य आलं आणि त्याच्या मागोमाग कूळकायदा. भागाजीच्या वकिलांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं.

"भागाजीराव, मुंबईच्या असेंब्लीनं ठरवलंय की कुळाचे तंटे आता मामलतदार सोडवणार. दिवाणी कोर्टानं त्यात पडायचं नाही. तुमचं प्रकरण कोर्टाच्या हद्दीबाहेर गेलं."

"बाहीर? रान तितंच हाय की. काल बांधावर जाऊन आलोय."

"जमीन नव्हे हो, अधिकार! कोर्टाला अधिकार कायदा देतो. देणारा काढूनही घेतो."

"आन् जज्जसायेब गप बसले?"

"कायद्यापुढं तेही काय करणार?"

"मंग दिल्लीच्या मोठ्या कोर्टात जातो."

"त्याचीही हद्द कायद्यानंच आखलेली आहे."

भागाजीनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "म्हंजी जज्जसायेबबी कूळच म्हना की. त्येंचा मालक मुंबईत."

वकील हसले नाहीत. दाव्याचे कागद बांधून भागाजीच्या हातात दिले.

भागाजी मात्र हटला नाही. बाजाराच्या दिवशी असेंब्लीचे एक मेंबर आले आणि कायदा समजावून सांगू लागले. कुळं टाळ्या पिटत होती. मध्येच हा उठला, गुंड्या लावल्या.

"सायेब, कोर्टाचं दार लावायचा हक तुमाला कुनी दिला?"

"बाबा, तुम्हीच दिलात. मतं देऊन."

"मी न्हाई दिलं. माझं नावच नव्हतं यादीत."

लोक खिदळले. मेंबरही हसले. "अहो, कायदा तुमच्याच बाजूचा आहे! कोर्टात वर्षानुवर्षं घालवायची, त्यापेक्षा मामलतदार झटक्यात निकाल देतील."

"निकालाची घाई हाय कुनाला?"

मागून एकजण ओरडला, "आरं भागाजी, बस खाली! रान फुकट गावतंय तर कोर्ट कशाला मागतूस?"

"रान ऱ्हाऊ दे," भागाजी म्हणाला. "मला माझी तारीख पायजे." आणि सभा मोडेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मेंबर गेले, सतरंजी गुंडाळली, तरी उभा.

शेवटी पाथर्डीला मामलतदाराच्या कचेरीत जावंच लागलं. मी बरोबर होतो. कारकुनानं बसल्या जागेवरून नाव घेतलं, "भागाजी सावळेराम."

"हाजर!"

कारकून पुढं बोलू लागला. भागाजी कान देऊन उभाच.

"बसा की."

"आजून एक नाव ऱ्हायलंय."

"कुणाचं?"

"मंडळीचं."

"नाव काय त्यांचं?"

भागाजीनं माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. "ते मी कसं घिऊ?"

कचेरी हसली. मामलतदारांनी विचारलं, "आहेत कुठं त्या?"

"वारली."

"अहो, मयताचं नाव कोण पुकारतं?"

"कोर्ट पुकारायचं," भागाजी म्हणाला. "मी सांगितलंच नव्हतं त्यास्नी. ते पुकारायचे, मी हाजर म्हनायचो. दोघांचं."

मामलतदारांनी चष्मा पुसला आणि काम पुढं चालवलं. थोड्या वेळात निकाल भागाजीच्या बाजूनं लागला. कूळ कायम, रान कायम. बाहेर लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. हा कोट उघडा टाकून पायरीवर बसलेला, दावा हरल्यासारखा.

मला त्या मुंबईच्या असेंब्लीचा असा राग आला म्हणता! ती कोर्टाला अडवू शकते. मला कोण अडवतो?

मी कचेरीच्या दारात जाऊन उभा राहिलो. पट्टेवाल्यासारखा हात तोंडाशी धरला आणि छातीत होता नव्हता तेवढा दम लावून ओरडलो, "चंद्रभागा भागाजी, हाजर है?"

कारकून धावत बाहेर आला. "ओ, ही सरकारी कचेरी आहे!"

"असू दे," मी म्हणालो, आणि दुसऱ्यांदा पुकारलं. मग तिसऱ्यांदा.

भागाजी पायरीवरून उठला. खालच्या गुंडीपासून वरच्यापर्यंत एकेक गुंडी लावली, टोपी सरळ केली आणि म्हणाला, "हाजर हाय."