आप्पा वस्तादांचा हलका हात

आमच्या शेजारचे आप्पा वस्ताद माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी पायाकडे. पेठेतली निम्मी माणसं त्यांना नावानं ठाऊक नाहीत, पोटरीनं ठाऊक आहेत. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्यांच्या पाया पडायला वाकले, तर आशीर्वादाऐवजी ऐकू आलं, "घोटा मजबूत हाय. पोरगी टिकंल."

उमेदीत आप्पा तालमीत पैलवानांना मालिश करायचे. मूठ, कोपर, गुडघा, सगळं वापरून. आता वय झालं, पैलवान येत नाहीत, पण निदान करायची खोड काही गेली नाही. आणि निदान एकच : "रगात तुंबलंय." पुतण्याचं लग्न जमेना, रगात तुंबलंय. चौकात वाहनं अडकली, शहराचं रगात तुंबलंय. एकदा गल्लीतलं गटार खरोखरच तुंबलं, तेव्हा ते नुसतं "गटार तुंबलंय" म्हणाले आणि आम्हाला उगीच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मला सातवा महिना लागला आणि पाय सुजायला लागले. बँकेत दिवसभर काउंटरला बसून संध्याकाळी चपलेचा पट्टासुद्धा लागायचा नाही. जिना बघितला की रडू यायचं. मी फाटकातून आत येताना आप्पांनी एकदाच खाली बघितलं आणि निकाल दिला, मालिश पाहिजे. आता दुसऱ्याच्या सुनेच्या पायाला हात लावणं त्यांच्या स्वप्नातही येणार नाही. म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याला, संग्रामला, चेला केलं. पहिला धडा संग्रामच्याच पोटरीवर झाला. तो घरी आला तो लंगडतच. मी पोट धरून हसले, आणि सातव्या महिन्यात ते सोपं नसतं.

मी म्हटलं, आधी डॉक्टरीणबाईंना विचारू. आप्पाही निघाले, बरोबर त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू. दवाखान्यातल्या बाकावर बसून आप्पा समोरच्या प्रत्येक बाईच्या पावलांकडे इतकं मन लावून बघत होते की काकूंनी शेवटी वर्तमानपत्र त्यांच्या तोंडासमोर धरलं. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब तपासला, बाकीचंही बघितलं, सगळं ठीक होतं. म्हणाल्या, मालिश जरूर करा, रक्त वर सरकायला मदत होते, पायांना आराम पडतो. पण हात हलका. डाव्या कुशीवर झोपायचं, पावलाकडून वर यायचं, पोटरी जोरात दाबायची नाही. आणि एकच पाय सुजून दुखायला लागला, लाल झाला, किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर चोळत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

आप्पांनी दोनदा विचारलं, "जोरात न्हाईच?" जन्मभर तांबडा रस्सा ओरपलेल्या माणसाला मऊ भात खायला सांगावा, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

पण वस्ताद तो वस्ताद. हलका हात शिकायला ते कोपऱ्यावरच्या गवळ्याच्या गोठ्यात जायला लागले. तिथं एक म्हैस गाभण होती. गवळी सांगत होता, आधी तिनं आप्पांना लाथ घातली, मग नुसतीच शेपटी मारली, आणि एका सकाळी डोळे मिटून रवंथ करत उभी राहिली. आप्पा पास झाले.

मग रोज संध्याकाळी आमच्या घरात तालीम भरायची. मी पलंगावर कुशीला, संग्राम तेलाची वाटी घेऊन पायाशी, आणि आप्पा दाराबाहेर सोप्यात, आमच्याकडे पाठ करून. तेलाच्या नुसत्या आवाजावरून ते चूक काढायचे. "दाबलास न्हवं? म्हशीनं लाथ घातली असती." सूज काही पुरती गेली नाही, पण ठणका कमी झाला आणि मला झोप लागायला लागली. खरं सांगते, त्या अर्ध्या तासाची मी बँकेत दुपारपासून वाट बघायचे.

एक दिवस ऐन मालिश चालू असताना उचगावचे मामा, म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ, न कळवता आले. सोप्यातून त्यांना आतलं सगळं दिसलं. भाचा बायकोचे पाय चोळत होता. मामा मोठ्यानं खाकरले. सासूबाई हळूच म्हणाल्या, "संग्राम, ऱ्हाऊ दे आता." संग्रामचा हात थांबला. त्यानं वाटी पलंगाखाली सरकवली. आज थांबला तो कायमचाच थांबणार, हे मला कळलं, आणि डोळे भरून आले.

आप्पांनी मान वळवली नाही. समोरच्या भिंतीकडे बघतच बोलले.

"बसा पावणं. किती पैलवानांचं पाय चोळलं मी, गणती न्हाय. कुणाचं पोरगं, कुठलं गाव. कधी लाज वाटली न्हाय. आमच्या हिला दिवस गेलतं, तवा हिचं पाय लई सुजायचं. भित्तीला पाय लावून पडायची. मी तालमीतनं यायचो आन् नुसता बगायचो. घरात आई हुती, भाऊबंद हुतं. लोक काय म्हणतील म्हणून एकदाबी हात लावला न्हाय. ते मातर आजून टोचतंय."

मग मामांनी खुर्ची उचलली, आप्पांच्या शेजारी आमच्याकडे पाठ करून मांडली आणि चहा मागितला. संग्रामनं पलंगाखालून वाटी काढली.

आम्हाला मुलगी झाली. सव्वा महिन्यानंतर तिला घेऊन मी आप्पांच्या पाया पडायला गेले. दार उघडंच होतं. काकू खुर्चीवर बसल्या होत्या आणि आप्पा खाली बसून, त्यांचं पाऊल मांडीवर घेऊन, अगदी हळू हातानं तेल लावत होते. काकू लाजून पाय ओढून घेत होत्या.

"सोडा की वो. आता कुठं सूज हाय?"

"नसू दे," आप्पा म्हणाले. "दुसरा पाय आण."