दुधनेकाठचा वीस मजली इमला

आमचे नाना कुणाच्याही घरी गेले की माणसाकडे न बघता आधी आढ्याकडे बघायचे. मग विचारायचे, "वर कोण ऱ्हातं?" आता आमच्या गावात सगळी धाब्याची घरं, वर कोण राहणार? "वर मिरच्या वाळत घातल्यात, नाना," असं कुणी सांगितलं की यांचा हात मांडीवर पडायचा. "बघा. एवढी मोठी जागा, अन् दिली मिरच्यांना."

नाना म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलते. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे, जेवायला आमच्यात. जेवताना सुद्धा एक पाय उंबऱ्याबाहेर. तिथून दुधना नदी दिसायची ना.

तर झालं असं, निजामाच्या राज्यात कोर्टाच्या कामाला नाना एकदा हैदराबादला गेले. तिथं त्यांनी खाली दुकान, वर दफ्तर आणि त्याच्या वर चूल पेटलेली बघितली. परत आले ते मान आखडून. तेव्हापासून दुधनेच्या काठाला वीस मजली इमला बांधायचा, हेच डोक्यात. कोण बांधणार, कशानं बांधणार, हे विचारायचं नाही.

"नक्कल करायची न्हाई हैदराबादची," ते सांगायचे. "आपल्या माणसाला तुळशीबिगर सकाळ न्हाई, अन् ओट्याबिगर गप्पा न्हाईत. मंग हर मजल्याला तुळस, हर मजल्याला ओटा. नदीकडून पायऱ्या, तिथं धुणं अन् ढोरांचं पाणी. बराबर का न्हाई?"

"अन् पूर आला तर?" मालक विचारायचे. माझ्या नवऱ्याला मी मालकच म्हणायची.

"तर लोकं वर जातील. वर कशाला केलंय मंग?"

इमल्याचा नमुना त्यांनी ज्वारीच्या धांडांचा केला होता. खिळ्यांच्या जागी बाभळीचे काटे. माझ्या कमरेइतका उंच. तो उचलून गावभर फिरायचे. मारवाडी शेठजींच्या दुकानात नेला, तर शेठजी म्हणाले, "नाना, गिऱ्हाईक वर चढंल का?"

"तुमचं दुकान तळालाच हाय."

"मंग बिलकुल बांधा," म्हणाले शेठजी, आणि तराजूकडे वळले.

पण खरी अडचण आमच्या घरात निघाली. सासूबाईंनी विचारलं, "भाऊजी, देव कोणत्या मजल्याला?"

"खाली. दारात."

"म्हंजे आम्ही देवाच्या डोक्यावर नांदायचं?"

नानांनी देव उचलून विसाव्या मजल्यावर नेला. मग धान्याच्या कणग्या. लक्ष्मीच्या वर पाय कसा द्यायचा? त्याही वर गेल्या. तेवढ्यात मी दाराआडून, पदर सावरून बोलले, "मामंजी, सुनंची खाट सासऱ्याच्या डोक्यावर येती." झालं. सुना खाली, सासू-सासरे वर. तर सासूबाई म्हणाल्या, "माझे गुडघे कोण चढवणार?" नाना आठवडाभर मजल्यांची उलथापालथ करत होते. कुणाला कुठंही ठेवा, कुणीतरी कुणाच्यातरी डोक्यावर येतच होतं.

त्यातच मालकांना जालन्याच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलायच्या काट्यावर नोकरी लागली. पोळा झाला की सगळ्यांनी निघायचं ठरलं. नाना सोबत येतील का, ही गोष्ट कुणी काढली नाही. त्यांचं घर इथं, नदी इथं, असंच आम्ही धरून चाललो. नानांनी मात्र दुसऱ्या दिवशी नमुन्यात शाळेच्या मजल्याखाली एक मजला वाढवला.

"हे तुझं जिन," मालकांना म्हणाले. "जालन्याला काय सोनं लागून गेलंय? वर घर, खाली काम. दुपारी भाकरी खायला वर यायचं."

"नाना, इंजिन धडधडलं तर वरच्या शाळंतली पोरं खाली सांडतील."

"मंग जिन खाली घेतो."

"नाना, नोकरी जालन्याला हाय."

नानांनी नमुना अंगणात ठेवला आणि उन्हात त्याची सावली कुठं पडते ते बघत येरझाऱ्या घालू लागले. संध्याकाळी म्हैस चरून आली. तिच्या लेखी तो कडबाच. आम्ही धावेपर्यंत देव, धान्य आणि सासू-सासरे तिच्या तोंडात गेले होते. मालक हसत खाली बसले. मलाही हसू आवरेना. नाना हसले नाहीत. म्हशीला थोपटलं, नवी धांडं घेतली आणि कापायला लागले. त्यात बोट चिरलं. मी हळद घेऊन गेले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, एवढ्या मजल्यांत सगळं गाव बसवलं, पण यांची स्वतःची खोली कुठं, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं, "मामंजी, तुम्ही कोणत्या मजल्याला?"

"मी? जिन्याखाली."

"तिथं अंधार ऱ्हातो."

"ऱ्हाऊ दे. कोण आलं, कोण गेलं, पाय वाजले की कळतं. अन् माझ्या डोक्यावरून कोणीबी गेलं तरी चालतंय, सूनबाई. गेलं पाहिजे मात्र."

बोटावर हळद दाबून धरत ते नदीकडे बघत बसले.

मी आत गेले आणि मालकांना म्हटलं, "जालन्यात खोली बघाल ती जिन्याखाली जागा असलेली बघा."

"चुलत्याला जिन्याखाली ठिवू? लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय इचारता, त्यांनाच इचारा."

निघायच्या दिवशी नाना आमच्या आधी गाडीत जाऊन बसले. जालन्यात आमची खोली वर, एका दुकानावर होती, आणि त्यांची खाट लाकडी जिन्याखाली. मी घागर घेऊन खाली उतरताना त्यांच्या डोक्यावरच्या पायरीवर उगाच पाऊल जरा जोरात टाकायची.